वर्गात रमणारा प्राध्यापक संस्थेत का रमत नाही?

या वेळी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाचे मन कामात कशाने लागते आणि कशाने उडते, हा तो विषय. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे आणि संस्था गाळल्या आहेत, तसेच पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात विभागप्रमुख असून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे कामही पाहतो. आमच्याकडे वेतन सातव्या आयोगानुसार मिळते, शिक्षकदिनी सत्कार होतो, वर्षातून एकदा सहलही निघते. तरीही तास संपला की बहुतेक सहकारी पार्किंगकडे वळतात आणि सभेत कोणी तोंड उघडत नाही. हीच माणसे वर्गात मात्र जीव तोडून शिकवतात. बायोमेट्रिक हजेरी कडक केली की प्रश्न सुटेल, असे प्राचार्यांना वाटते. आपले मत काय? आणि प्राध्यापकांचे हे गुंतलेपण मोजायचे झाल्यास कसे मोजावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे. ज्यांचे कामावरूनच मन उडालेले असते ती माणसे वर्गातही पाट्या टाकतात. आपल्या सहकाऱ्यांचे तसे झालेले दिसत नाही. त्यांचे मन विषयात आहे, विद्यार्थ्यांत आहे. नाही ते संस्थेत. अॅलन साक्स या कॅनडातील अभ्यासकाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नेमका हाच भेद केला होता. कामाशी असलेले गुंतलेपण त्यांनी वेगळे मोजले आणि संस्थेशी असलेले वेगळे, आणि दोहोंची मुळेही काही अंशी वेगळी निघाली. कामात किती स्वायत्तता आणि किती वैविध्य आहे यावर कामाशी असलेले नाते अवलंबून होते. संस्थेशी असलेले नाते मात्र निर्णय कोणत्या पद्धतीने घेतले जातात आणि ती पद्धत न्याय्य वाटते की नाही यावर. संस्था आपल्या पाठीशी उभी आहे ही भावना दोन्ही ठिकाणी लागत होती. ही पाहणी निरनिराळ्या क्षेत्रांतील शंभरेक नोकरदारांची होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठा इमला रचू नये. पण आपल्याकडच्या स्टाफरूमचे वर्णन ती बरेच नेमके करते, असे माझे मत आहे.

आधी पगाराचे पाहू, कारण 'एवढा पगार घेतात, मग आणखी काय हवे?' हा सवाल संस्थाचालकांच्या तोंडी हमखास असतो. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन आज लेव्हल १० या वेतनस्तरात ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि ते कमी आहे असे नियमित प्राध्यापकही सहसा म्हणत नाहीत. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मांडले होते की पगार, नोकरीची शाश्वती, देखरेखीची पद्धत, कामाची जागा या गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या असल्या म्हणून तो उत्साहाने कामाला भिडतोच असे नाही. उत्साह येतो तो हातून झालेल्या कामामुळे, त्याला मिळालेल्या दादेमुळे, जबाबदारीमुळे आणि प्रगतीमुळे. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरी अनुदानित महाविद्यालयाच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. येथे प्राध्यापकाला पगारापेक्षा बोचते ते स्थाननिश्चितीचे, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार पुढच्या वेतनस्तरात जाण्याचे, रखडणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.धारक सहायक प्राध्यापक चार वर्षांनी पुढच्या लेव्हलसाठी पात्र होतो, एम.फिल.धारक पाच आणि इतर सहा वर्षांनी. परंतु पात्र होणे आणि आदेश हातात पडणे यांच्यामध्ये महाविद्यालयाची छाननी समिती, विद्यापीठाचे विषयतज्ज्ञ, शासनाचे प्रतिनिधी आणि सहसंचालक कार्यालय अशी लांबलचक वाट आहे. त्या वाटेवर फाईल कुठे अडली आहे हे सांगायलाही ज्या संस्थेत कोणी नसते, तिथल्या माणसाने संस्थेला आपले मानावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. थकबाकी उशिरा का होईना मिळते. पण कोणी विचारपूस केली नाही, ही गोष्ट मनात राहते.

या विषयाचा पाया विल्यम कान यांच्या १९९० च्या लेखाने घातला. एका उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कार्यालयातील कर्मचारी यांचा जवळून अभ्यास करून त्यांनी दाखवले की कामात स्वतःला ओतायचे की हातचे राखायचे हे ठरवताना माणूस मनाशी तीन प्रश्न विचारतो : यात काही अर्थ आहे का, मन मोकळे केले तर अंगाशी येणार नाही ना, आणि माझ्यात तेवढे त्राण उरले आहे का. प्राध्यापकाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गात आपोआप मिळते. घोडे पेंड खाते ते पुढच्या दोन प्रश्नांपाशी.

दुसऱ्या प्रश्नासाठी जूनमधली पहिली सभा डोळ्यांसमोर आणावी. वेळापत्रक, परीक्षा, सांस्कृतिक, शिस्तपालन अशा समित्यांची यादी आधीच छापून टेबलावर ठेवलेली असते आणि ती वाचून झाल्यावर 'कोणाला काही सूचना?' असे विचारले जाते. एखाद्या नव्या प्राध्यापिका म्हणतात की माझ्या दोन तासिकांच्या मध्ये तीन तासांची पोकळी पडते आहे. 'मॅडम, ते आपण नंतर बघू' एवढ्यावर विषय मिटतो आणि पुढच्या आठवड्यात सुधारित यादी लागते तेव्हा त्यांच्या नावापुढे आणखी एक समिती वाढलेली असते. कदाचित तो निव्वळ योगायोग असेल. पण त्या खोलीतले सगळे तो पाहतात, आणि पुढच्या सभेत सूचना करण्याची इच्छा कोणालाच उरत नाही. आपल्याकडे सभेत कोणी बोलत नाही याचे कारण शोधायचे असेल तर माणसांच्या स्वभावात न शोधता मागील दोन-तीन वर्षांत जे बोलले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहावे.

तिसरा प्रश्न त्राणाचा. आयोगाच्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे. या तासांनी माणूस थकतो खरा, पण तो थकवा मन मोडणारा नसतो. क्रॉफर्ड, लेपाइन आणि रिच यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. ज्या ताणातून काही शिकायला मिळते, कौशल्याचा कस लागतो, तो ताण गुंतलेपण वाढवतो. जो ताण केवळ अडथळा असतो तो ते कमी करतो. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, तेव्हा नव्या विषयाची तयारी करणे हा पहिल्या प्रकारचा ताण होता. त्याच सुमारास श्रेयांकांचे (क्रेडिटचे) तक्ते दर काही आठवड्यांनी बदलून पुन्हा भरावे लागणे हा दुसऱ्या प्रकारचा.

दुसऱ्या प्रकारचा नमुना पाहायचा असेल तर कोणत्याही 'दिना'चा कार्यक्रम पाहावा. फलक सर्वांत आधी बांधला जातो, कारण फोटोत तारीख आणि शीर्षक दिसले पाहिजे. मग एक प्राध्यापक मोबाइलवर जीपीएस कॅमेऱ्याचे अॅप उघडतात आणि पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटेपर्यंत पाहुण्यांना रोप हातात धरून उभे राहावे लागते. फोटो निघतो, मागच्या दोन रांगा उठतात. त्यानंतर प्रास्ताविक सुरू होते. संध्याकाळी अहवाल, सह्यांचा तक्ता, अभिप्रायांचा गोषवारा, आणि तोच मजकूर विभागाच्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या आणि आपल्या कक्षाच्या फाईलसाठी तीन निरनिराळ्या नमुन्यांत. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या 'नॅक' या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनाला माझा विरोध नाही. १९९४ मध्ये ही संस्था स्थापन झाली त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि अनेक महाविद्यालयांनी ग्रंथालये, प्रयोगशाळा त्या निमित्ताने सुधारल्या. पण कार्यक्रम फाईलसाठी होऊ लागला की त्यात राबणाऱ्याला ते कळते. आपण स्वतः त्या कक्षाचे काम पाहता म्हणून सुचवतो : एक माहिती एकदाच, एकाच नमुन्यात मागावी आणि ती तीन ठिकाणी चढवण्याचे काम कार्यालयाकडे द्यावे. सहलीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

वरिष्ठांच्या वागण्याने किती फरक पडतो याविषयी आर्नल्ड बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील ८०५ शिक्षकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील शिक्षकांना त्रास होता तो विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीचा. जिथे वरिष्ठांचा पाठिंबा, कामाची दखल आणि संस्थेतले वातावरण चांगले होते, तिथे या त्रासाने गुंतलेपणाला फारसा धक्का लागला नाही. इतकेच नव्हे, तर त्रास जास्त असताना या आधाराचे मोल अधिक ठरले. ते प्राथमिक-माध्यमिक शाळा आणि व्यवसाय शिक्षणातले शिक्षक होते, विद्यापीठातले नव्हते. आधाराची गरज मात्र पदनामाप्रमाणे बदलत नाही.

आता बायोमेट्रिकविषयी. त्या यंत्राने माणूस इमारतीत थांबेल, एवढेच होईल. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाने दररोज किमान पाच तास उपलब्ध असावे असे म्हटले आहे, त्याचबरोबर विद्यार्थी-मार्गदर्शन किंवा संशोधन यांसाठी रोज दोन तास आणि त्यासाठी लागणारी जागा व सुविधा संस्थेने द्याव्यात, असेही म्हटले आहे. नियमाचा पूर्वार्ध सूचनाफलकावर लागतो आणि उत्तरार्ध विसरला जातो. एका खोलीत चार टेबले, बारा प्राध्यापक आणि एक संगणक अशी व्यवस्था असेल तर शोधनिबंधाचा मसुदा घरी जाऊनच लिहावा लागतो. मग माणूस पार्किंगकडे वळला म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. प्राचार्यांना आधी टेबले मोजायला सांगावे.

मोजण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात तयार झालेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची २००६ ची छोटी आवृत्ती नऊ विधानांची असून ऊर्जा, समर्पण आणि तल्लीनता या तीन अंगांची प्रत्येकी तीन विधाने तिच्यात आहेत. उत्तरे 'कधीच नाही' ते 'रोज' अशी शून्य ते सहा या श्रेणीत द्यायची असतात. ती कामाविषयीची आहे, संस्थेविषयीची नाही, म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी गुण चांगले येतील आणि प्राचार्य निर्धास्त होतील, हा धोका लक्षात घ्यावा. निर्णयप्रक्रिया, दाद आणि बोलण्याची मोकळीक यांविषयी वेगळे प्रश्न जोडावेत. नावे घेऊ नयेत. तीन-चार जणांच्या विभागाचा निकाल वेगळा काढू नये, कारण तिथे निनावी असे काही राहत नाही. आणि जे बदलण्याची तयारी नाही ते विचारूच नये. वार्षिक अहवालात एक तक्ता वाढवण्यासाठी ही पाहणी होणार असेल तर ती न केलेली बरी.

प्रश्न : मी सेट ही प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण असून गेली अनेक वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवते. सकाळी दिंडोरीकडे एका महाविद्यालयात आणि दुपारी शहरात दुसरीकडे तास असतात. नुकतेच आम्हाला 'संस्थेशी बांधिलकी' या विषयावर व्याख्यान ऐकवण्यात आले. मानधन अजून मागच्या सत्राचे यायचे आहे. आमच्याकडून अशी बांधिलकी अपेक्षिणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. आणि हे उत्तर मऊ करून सांगण्याचे मला कारण दिसत नाही.

बांधिलकी दुहेरी असते. ज्या नेमणुकीचा आदेश सत्रापुरता असतो, ज्यात सुट्टीचे पैसे नसतात आणि ज्याचे देयक महिनोन्महिने फिरत राहते, त्या नेमणुकीत संस्थेने आपली बाजू अगदी तोकडी ठेवलेली असते. समोरच्याने आपली बाजू मात्र पूर्ण मोकळी करावी, असे म्हणणे व्यवहाराला आणि न्यायाला धरून नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन सुचवले होते. त्या आकड्याशी आपल्या हातात पडणाऱ्या रकमेची तुलना आपण केलीच असेल.

तरीही आपण जीव लावून शिकवता हे पत्रावरून दिसते, आणि तासिका तत्त्वावरील बहुसंख्य शिक्षकांबाबत हेच खरे आहे. यामुळेच व्यवस्थेचे निभावते, आणि यामुळेच तिला बदलण्याची घाई नसते. हा अर्थपूर्णतेचा फायदा उठवणे आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

पदभरती शासनाच्या हातात आहे, हे प्राचार्यांचे उत्तर बरोबर आहे. पण त्यांच्या हातात काहीच नाही, हे बरोबर नाही. नेमणुकीचा आदेश तास सुरू होण्यापूर्वी देणे, देयकावर तासिकांची पडताळणी आणि सही त्याच महिन्यात करून ते पुढे पाठवणे, वेळापत्रकावर 'सीएचबी १', 'सीएचबी २' (सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व) असे न लिहिता शिक्षकाचे नाव लिहिणे, ग्रंथालयातून पुस्तके घरी नेऊ देणे, अभ्यासक्रमाच्या चर्चेला बोलावणे आणि अनुभवाचा दाखला मागितल्यावर हेलपाटे न घालायला लावणे, यांतील एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. दोन महाविद्यालयांमध्ये धावणाऱ्या शिक्षिकेचे तास सलग लावणे तर वेळापत्रक समितीला अर्ध्या तासात जमणारे काम आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर तासांच्या पलीकडील जी कामे 'सहकार्य' म्हणून मागितली जातात, त्यांतील ज्यांचा आपल्या नेट-सेट-पीएच.डी.च्या वाटचालीला किंवा अनुभवाच्या दाखल्याला उपयोग आहे ती जरूर करावीत आणि बाकीची नम्रपणे, पण लेखी आदेश मागून टाळावीत. लेखी आदेश मागितला की बरीच कामे आपोआप मागे घेतली जातात.

एक गोष्ट पहिल्या पत्रलेखकांसाठीही आहे. रिक्त पदे तासिकांवर भागवली की वर्ग भरतात, पण परीक्षा, प्रवेश, मूल्यांकन, विद्यार्थी कल्याण यांची अधिकृत जबाबदारी उरलेल्या मोजक्या नियमित प्राध्यापकांवर पडते. स्टाफरूम रिकामी का, याचे एक उत्तर येथेही आहे.

प्रश्न : मी दूरशिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. माझ्यासमोर वर्ग नसतो, विद्यार्थी राज्यभर विखुरलेले असतात आणि माझे काम पुस्तिका लिहिणे, संपादन, प्रश्नसंच असे असते. पारंपरिक महाविद्यालयातील मित्रांना जे समाधान मिळते ते मला मिळत नाही. हा माझा दोष आहे की कामाचा?

उत्तर : दोष कोणाचाच नाही, कामाची घडण तशी आहे. नाशिकचे वैशिष्ट्य असे की येथे एकाच शहरात तीन तऱ्हांचे अध्यापन चालते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकासमोर वर्ग असतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकवणाऱ्या डॉक्टरांसमोर विद्यार्थ्यांबरोबर रुग्णही असतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत मात्र लेखक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये अभ्यासकेंद्र, तेथे मार्गदर्शन करणारा समंत्रक आणि टपाल किंवा पडदा असतो. आपल्या लिखाणाचा वाचक दिसत नाही, मग त्याचे काय झाले हेही कळत नाही.

अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर एक प्रयोग केला. त्या देणग्यांतून ज्याला शिष्यवृत्ती मिळाली होती अशा एका विद्यार्थ्याशी काही जणांची काही मिनिटांची भेट घडवून आणली. महिन्याभराने पाहिले तर त्या गटाचा फोनवरील वेळ आणि जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. ज्यांना अशी भेट मिळाली नाही त्यांच्यात असा बदल नव्हता. पगार तोच, काम तेच.

म्हणून वर्षातून काही वेळा अभ्यासकेंद्रावर जावे, आणि तेही उद्घाटनाला नव्हे, तर संपर्कसत्राला, मागच्या बाकावर. कळवण-सुरगाण्याकडची एखादी विवाहिता, शाळा सुटून कित्येक वर्षे झालेली, आपल्या पुस्तिकेतला परिच्छेद बोट ठेवून वाचताना कुठे अडखळते, हे एकदा पाहिले की पुढची पुस्तिका लिहिताना तो वाचक समोर असतो. दर घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याला दोन ओळी लिहून पाठवता येतील अशी सोयही विभागात करून घेता येईल.

प्रश्न : मी एका खासगी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवतो. उन्हाळाभर आम्हाला प्रवेशासाठी फोन करण्याचे उद्दिष्ट असते आणि वार्षिक मूल्यमापनात त्याचे गुण धरले जातात. शिकवण्यातला रस कमी होत चालला आहे. काय करावे?

उत्तर : स्वयंअर्थसहाय्यित संस्थेला प्रवेश हवेत, हे समजण्यासारखे आहे. मात्र प्राध्यापकाने आपल्या शाखेविषयी विचारणाऱ्या पालकाशी बोलणे आणि त्याने यादीतले अनोळखी क्रमांक फिरवत बसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामात माणसाला आपण कोण आहोत याविषयीच शंका येऊ लागते. व्यवस्थापनाने एवढे ध्यानात घ्यावे की ज्याचे मूल्यमापन प्रवेशांच्या संख्येवर होते तो पुढे वर्गातही विद्यार्थ्याकडे संख्या म्हणूनच पाहू लागतो.

आपल्या हाती काय आहे? एमी रझेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ च्या लेखात रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. एकाच हुद्द्यावरच्या काही जणांनी नेमून दिलेल्या कामाच्या कडा स्वतःहून बदलल्या, रुग्णांशी बोलणे, त्यांना हवे-नको पाहणे हे आपले काम मानले, आणि त्यांना त्या कामात वेगळाच अर्थ सापडला. त्या धर्तीवर विभागप्रमुखांकडे असा प्रस्ताव ठेवून पाहावा की फोनच्या उद्दिष्टाऐवजी जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन प्रात्यक्षिके दाखवण्याचे काम मी घेतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत विद्यार्थ्यांचे प्रकल्प मिळवणे हेही आपल्या शाखेच्या नावलौकिकाला धरूनच आहे. प्रस्ताव लेखी द्यावा, वर्षभर पाहावे. तेवढ्यात काही हलले नाही तर दुसरीकडे अर्ज करण्यात कमीपणा मानू नये; सगळ्या गोष्टी मनोवृत्ती बदलून सुटत नाहीत.

प्रश्न : आमचे हे प्राध्यापक आहेत. उत्तरपत्रिका, समित्या, शोधनिबंध यांतून त्यांना घरी आल्यावरही सवड नसते. दिवाळीतसुद्धा लॅपटॉप उघडा असतो. विचारले तर 'मला काम आवडते' म्हणतात, पण चिडचिड वाढली आहे आणि झोप नीट नाही. याला कामात गुंतणे म्हणायचे का?

उत्तर : वहिनी, ओळखण्याची एक साधी खूण आहे. कामात खरोखर रमलेला माणूस काम थांबवले तरी ठीक असतो. त्याला नाटकाला नेले तर तो नाटक पाहतो. ज्याला कामाचे व्यसन लागले आहे त्याला काम करताना आनंद होतोच असे नाही, पण काम थांबवले की अपराधी वाटते. विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गुंतलेपण, कामाचे व्यसन आणि काम करून करून आलेली विरक्ती या तीन वेगळ्या अवस्था असल्याचे दाखवले आहे. जास्त तास पहिल्या दोन्ही अवस्थांत दिसतात, म्हणून बाहेरून फसगत होते. चिडचिड आणि झोपमोड हे मात्र रमलेल्या माणसाचे लक्षण नव्हे.

सबिने सोनेनटाग यांच्या २००३ च्या अभ्यासात असे आढळले की संध्याकाळी ज्यांना पुरेसा विसावा मिळाला ते दुसऱ्या दिवशी कामात अधिक रमले. तेव्हा 'काम सोडा' म्हणून वाद घालण्यापेक्षा 'उद्याचे काम चांगले व्हावे म्हणून आज थांबा' असे सांगून पाहा. प्राध्यापक मंडळींना अभ्यासाचा दाखला दिला की ती थोडी ऐकतात. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दोघांनी सकाळी जायचे आणि मोबाइल घरी ठेवायचा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

त्याबरोबर एक चौकशी जरूर करा. इतक्या समित्या त्यांनी हौसेने घेतल्या आहेत, की नाही म्हणता येत नाही म्हणून अंगावर पडल्या आहेत? दुसरे असेल तर नव्या शैक्षणिक वर्षाच्या वाटपाआधी, म्हणजे मे महिन्यातच, कोणत्या दोन जबाबदाऱ्या सोडणार हे त्यांनी प्राचार्यांना लेखी कळवावे. जूनमध्ये यादी लागल्यावर कोणी ऐकत नाही. आणि झोपेची तक्रार आणखी दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे, रक्तदाबही तपासून घ्यावा.